सात मुलूख, एक मंडप

"काकू, काकांना कुठे पाठवू या?"

दवाखान्याकडून आलेल्या अन्विताने मांडीवरच्या टॅबलेटवर बोट टेकवून हे विचारलं, तेव्हा वैजयंतीबाईंना आधी हसूच आलं. जसं काही यांना थंड हवेच्या ठिकाणी धाडायचंय!

"पर्याय वाचून दाखवते," अन्विता म्हणाली. "वाळवंट, बर्फाचे डोंगर, समुद्रकाठ, बांबूचं बन, जुनी बाजारपेठ, गुहा, नदीतलं बेट. आधी मूळ गोष्ट ठरवायची. काका कोण आहेत, कुठल्या काळात, कुठल्या राज्यात, कशासाठी घराबाहेर पडलेत. मग त्यात असे सात परिसर बसवायचे. मात्र एकाचा तोंडवळा दुसऱ्याशी जुळता कामा नये."

"मला काय विचारतेस बाई? त्यांना विचार की."

दोघींनी खिडकीकडे पाहिलं. रमाकांत गुरव खुर्चीत ताठ बसले होते. उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर चालत होती आणि डावा हात भाता मारल्यासारखा पुढेमागे होत होता.

"विचारलं," अन्विता आवाज खाली आणून म्हणाली. "म्हणाले, बुवा म्हणतील तिकडे."

बुवा म्हणजे निमसोडकरबुवा. त्यांना जाऊन अडीच वर्षं झाली होती. त्यांच्या कीर्तनात रमाकांतांनी अडतीस वर्षं पेटीची साथ केली. चातुर्मास, रामनवमी, हनुमान जयंती, गावोगावचे सप्ताह आणि उत्सव, सगळीकडे बुवांच्या डाव्या हाताला रमाकांत. वैजयंतीबाई इकडे कराडात पिठाची गिरणी चालवायच्या. मूलबाळ झालं नाही. गिरणीत दिवसभर माणसं यायची, डबे ठेवायची, गप्पा मारायची, म्हणून घर रिकामं आहे हे फारसं जाणवायचं नाही. दोन वर्षांपूर्वी रमाकांत नळ उघडा टाकून रस्त्याने चालायला लागले, तेव्हा त्यांनी गिरणी बंद केली. अडतीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो माणूस एकदाचा घरी आला होता, पण घर कुठलं हे त्याला आठवेना.

"वाटसरू" हा खेळच होता, फक्त तो डॉक्टरांनी लिहून दिलेला होता. तालुक्याच्या दवाखान्यात डॉ. नसीम तांबोळींनी त्याचं शास्त्र वैजयंतीबाईंना नीट बसवून सांगितलं होतं. कानशिलाच्या आत, मेंदूच्या तळाशी, करंगळीएवढा एक भाग असतो. त्यातल्या पेशी जागा ओळखतात. तुम्ही उंबऱ्यापाशी उभ्या राहिलात की एक पेशी जागी होते, ओट्यापाशी गेलात की दुसरी, देवापाशी तिसरी. सगळ्या मिळून घराचा नकाशा. नव्या गावी गेलात की त्याच पेशी नव्या क्रमाने जाग्या होतात, आणि नवा नकाशा तयार होतो. विसरायचा आजार नेमका याच्या शेजारून शिरतो. म्हणून माणूस नावं विसरायच्या आधी वाटा विसरतो.

"मग त्या पेशींना कामाला लावायचं," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "नवे नकाशे काढत राहिल्या तर त्या तगतात. पण नुसती चित्रं दाखवून भागत नाही. माणूस स्वतः चालला पाहिजे, काहीतरी शोधायला निघाला पाहिजे. म्हणून भूमिका द्यायची. चष्म्यातून तो परिसर पाहतो, कपाळावरच्या पट्टीतून आम्हाला दिसतं की नकाशा उमटतोय की नाही."

सगळा खेळ एकट्या रुग्णासाठी रचायचा असे. रचणारी अन्विता, आणि तिला माहिती पुरवणारं घरचं माणूस. इथेच वैजयंतीबाईंची पंचाईत झाली. यांना काय आवडतं? डोंगर की पाणी? गर्दी की शांतता? लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, आणि वाळवंट की बांबूचं बन याचं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं.

"आपलं घरच दे," शेवटी त्या म्हणाल्या. "घर, गिरणी, कृष्णेचा घाट. माणसाला आपलं घर आवडणारच ना?"

"नवा परिसर असता तर बरं होतं," अन्विता म्हणाली. मग बाईंचा चेहरा बघून म्हणाली, "चालेल. पहिला मुक्काम घराचा करू या."

तिने आठवडाभर खपून घर उभं केलं. दाराची निळी चौकट, गिरणीच्या पट्ट्याचा आवाज, भिंतीवरची पिठाची साय, सगळं हुबेहूब. रमाकांतांनी चष्मा लावला आणि त्या घरात ते वाट चुकले. स्वयंपाकघरावरून दोनदा गेले पण आत गेले नाहीत. गिरणीच्या दारात उभे राहून त्यांनी हाक मारली, "कोण आहे का हो आत? रस्ता कुठला स्टँडचा?"

पडद्यावर हे पाहत बसलेल्या वैजयंतीबाई उठून पाणी प्यायला गेल्या. परत आल्या तेव्हा अन्विता पट्टीची नोंद बघत होती.

"नकाशा विरळ आहे, काकू. आजारामुळे तर आहेच, पण मुळातच विरळ असावा. काका घरी असायचे तरी किती?"

"आले की झोपायचे. उठले की धोतरं धुऊन पुढच्या गावाला." मग त्या म्हणाल्या, "तू देऊळ कर. कीर्तन कर. बाकी मला काही सुचत नाही."

अन्विताने मग अशी गोष्ट रचली की ती सांगताना तिलाच हसू फुटायचं. एक राजा आहे, त्याचे सात मुलूख आहेत, आणि सातही मुलखांतली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली आहेत. एका कीर्तनकाराचा फड गावोगाव फिरतो. जिथे कीर्तन रंगतं तिथला अबोला सुटतो. रमाकांत त्या फडातले पेटीवाले. बुवांच्या जुन्या ध्वनिफिती तिने मिळवल्या, त्यांचा आवाज, बोलण्याची लकब, टाळी, सगळं यंत्राला शिकवलं.

"आणि बर्फात कीर्तन?" वैजयंतीबाई म्हणाल्या. "पेटीचा भाता आखडेल की गं."

"खेळात नाही आखडत, काकू."

"मग वाळवंटात प्रसादाला काय? खजूर?"

"खजूर! छान सुचवलंत. घालते."

दोघी खळखळून हसल्या. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसलं होतं.

पहिल्या कीर्तनात मात्र गडबड झाली. बुवा उभे राहिले, तबला लागला, आणि रमाकांत कीर्तन संपेपर्यंत एका खांबाशी अवघडून उभे. "काय झालं काका?" असं अन्विताने विचारलं तर म्हणाले, "माझ्या जागेवर दुसरं कुणी बसलंय." तिने पेटी बुवांच्या उजव्या हाताला मांडली होती. डावीकडे तबलजी. तिच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. दुसऱ्या दिवशी पेटी डाव्या हाताला, दीड पाऊल मागे गेली. रमाकांत कुणाला न विचारता तिथे जाऊन बसले, त्यांनी काळी दोनचा सूर धरला, आणि बुवांच्या नमनाला पेटी अशी काही लागली की बाहेर टॅबलेट धरून बसलेल्या, जन्मात कधी कीर्तनाला न गेलेल्या अन्विताच्या अंगावर काटा आला.

तीन आठवडे कसे गेले कळलं नाही. सकाळी दहाला रमाकांत स्वतः चष्मा मागायचे. वाळवंटात वाजवलं, बेटावर वाजवलं, समुद्राच्या गाजेत वाजवलं. चष्मा काढला की पुन्हा गप्प. "जेवता का?" म्हटलं की हो, "निजता का?" म्हटलं की हो. वैजयंतीबाई आत कधी गेल्या नाहीत. घरच्या माणसाला दुसरा चष्मा लावून आत जाता येतं, हे अन्विताने सांगितलं होतं. पण "मी कशाला तिथे?" असं म्हणून त्या भाजी निवडत बसायच्या.

चौथ्या सोमवारी डॉक्टर तांबोळींनी बोलावून घेतलं. टेबलावर सात पारदर्शक कागद होते, प्रत्येकावर जाग्या झालेल्या पेशींचे ठिपके.

"मावशी, हे सात मुलूख. आता बघा." त्यांनी कागद एकावर एक ठेवले. ठिपक्यांवर ठिपके तंतोतंत बसले. एकच कागद असल्यासारखं दिसायला लागलं.

"म्हणजे?"

"सात परिसर, पण नकाशा एकच. काका वाळवंट बघतच नाहीत. बर्फ बघत नाहीत. सरळ मंडपात जाऊन बुवांच्या डाव्या हाताला बसतात. त्यांच्या मेंदूच्या लेखी सगळं जग ही एकच खोली आहे. अडतीस वर्षांत त्यांनी शेकडो गावं पाहिली असतील, पण बसले एकाच जागी."

वैजयंतीबाईंना ते लगेच समजलं. देवळं वेगळी, गावं वेगळी, पण मध्ये बुवा, समोर माणसं, एका अंगाला बायका. कुठेही गेलं तरी मांडणी तीच.

"नवा नकाशा उमटत नाही, म्हणजे औषध लागू पडत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "माझं मत विचाराल तर खेळातून कीर्तन काढू या. काकांना पाणी शोधायला पाठवू, हरवलेलं वासरू शोधायला पाठवू. सुरुवातीला चिडतील. मग चालायला लागतील. तसं झालं तर चार-पाच वर्षं तरी ते घरात वावरतील, तुम्हाला ओळखतील."

"आणि असंच ठेवलं तर?"

"वर्षभर. त्यानंतर तुम्ही कोण, हे सांगता येणार नाही त्यांना."

"काढा," वैजयंतीबाई म्हणाल्या. "काढून टाका कीर्तन."

डॉक्टरांनी लगेच संमतीचा कागद पुढे केला नाही. "एक सांगायला हवं. त्यांच्या ज्या पेशी अजून धडधाकट आहेत, त्या बहुतेक मंडपाच्याच आहेत. नवे नकाशे त्यांच्यावरच काढावे लागणार. पाटी एकच आहे. नवं लिहिलं की जुनं पुसलं जाईल. पेटी, बुवा, ते सगळं."

"पुसू दे." त्यांचा आवाज त्यांनाच कठोर वाटला. "अडतीस वर्षं मंडपाने ठेवून घेतलं त्यांना. आता चार वर्षं मला हवेत. एवढं मागितलं तर चुकलं का डॉक्टर?"

"अजिबात नाही," नसीम तांबोळी म्हणाल्या. "गुरुवारी सही करा. तोवर विचार करा, एवढंच."

बुधवारी अन्विता घरी आली ती थोडी फुगूनच. "काकू, उद्या मी सगळं पुसणार. त्याआधी एकदा तरी आत जाऊन बघा. इतक्या मेहनतीने केलंय मी. तो खजूरसुद्धा तुम्ही पाहिला नाहीत."

तिच्या शब्दाखातर वैजयंतीबाईंनी चष्मा लावून घेतला. शेजारच्या खुर्चीत रमाकांत चष्मा लावून तयारच होते.

"कुठला मुलूख?"

"बर्फाचा. मी कधी पाहिलं नाही बर्फ."

"भूमिका कुठली देऊ? वैद्यीण, सरदारीण, व्यापारी, जोगीण..."

"नुसतं ऐकायला आलेलं माणूस नाही का?"

"श्रोता? ही भूमिका अजून कुणी मागितली नव्हती. देते. चेहरा?"

"माझाच राहू दे."

आणि पुढच्या क्षणी वैजयंतीबाई पांढऱ्याशुभ्र डोंगरात उभ्या होत्या. वारा होता पण गारवा नव्हता. देवळाच्या दारात चपलांचा ढीग होता, हे बघून त्यांना बरं वाटलं. पोरीने चपला विसरल्या नव्हत्या. बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत त्या बसल्या. शेजारच्या बाईने सरकून जागा दिली. ती बाई खरी नव्हती, तरी यांनी तिच्याकडे पाहून मान हलवली.

नमन झालं. बुवांनी निरूपण सुरू केलं. वैजयंतीबाई ऐकत होत्या, पण डोळे पेटीवर. रमाकांत पट्ट्यांकडे बघतच नव्हते. ते बघत होते बुवांच्या ओठांकडे. बुवांचा श्वास वर गेला की यांचा भाता उघडे, बुवा शब्दावर थांबले की यांचं बोट सुरावर थांबे. बुवा म्हणाले "नाम", तर पेटी त्या नामापुढे ज्योतीसारखी उभी. पुढे ना मागे. अशी सेवा एखादा माणूस जन्मभर करतो आणि त्याच्या घरी त्याची धोतरं तेवढी येतात धुवायला.

पूर्वरंग संपला. बुवा खाली बसले. त्यांना बुक्का लावायला, हार घालायला गावची माणसं पुढे झाली. हा वेळ मोकळा जाऊ द्यायचा नसतो. बुवा विसावतात तेवढ्यात नामघोष चालू ठेवायचा, आणि तो धरायचा पेटीवाल्याने. रमाकांतांनी मान वर केली आणि गायला लागले. घरात महिन्यामहिन्यात चार शब्द न बोलणारा माणूस भरल्या गळ्याने गात होता, आणि त्याच्यामागून सगळा मंडप. वैजयंतीबाईंनी टाळी धरली. त्यांना वाटलं, देवा, एवढं होतं इथे, आणि मी लोकांचे डबे सांभाळत बसले.

आख्यान झालं, आरती झाली. माणसं पांगली. रमाकांत पेटीचा भाता मिटवत होते. त्या पुढे गेल्या. आता ओळखतील, असं मनाने घेतलं होतं.

"या," ते मोकळेपणी म्हणाले. "कुठल्या तुम्ही?"

"कराडची."

"एवढ्या बर्फात कराडहून? धन्य आहे तुमची! आमचंही घर कराडलाच. गिरणी आहे. वैजू चालवते. आमची मंडळी."

वैजयंतीबाईंनी पदर सावरला. "त्यांना आणलं नाहीत कधी कीर्तनाला?"

"किती वेळा म्हटलं! लोकांची दळणं खोळंबतील म्हणते." ते हसले. "आता आजचंच बघा. बुवा आख्यानात एक ओळ विसरले. मी पेटीवर एक तान घेऊन वेळ भरून काढला, तोवर त्यांना आठवली. माणसांना वाटलं, काय सुंदर जागा घेतली! हे वैजूला सांगितलं तर हसून लोळेल. रोज ठरवतो, आज जाऊन तिला सांगायचं. पोचतो तोवर ती दमून झोपलेली. सकाळी उठतो तर गिरणी सुरू. त्या आवाजात काय सांगणार?"

"आज सांगा की."

"आज सांगणार," रमाकांत म्हणाले. "आज नक्की."

चष्मा काढला तेव्हा अन्विताने पाण्याचा पेला पुढे केला. रमाकांतांचाही चष्मा तिने काढला. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, ती वैजयंतीबाईंवर आली.

"बाई, चहा मिळेल का हो थोडा?"

"करते," त्या म्हणाल्या. आणि ओट्यापाशी जाऊन, नळ सोडून, रडल्या.

गुरुवारी त्यांनी कागद न वाचताच परत केला. "कीर्तन राहू दे."

"मावशी, मी सांगितलं ते लक्षात आहे ना? तुम्हाला ओळखणार नाहीत."

"मला एरवीही कितीसं ओळखतात? दवाखान्याची बाई, चहा देणारी बाई, तशी मी एक. ओळखतात ते वैजूला. आणि ती आहे तिथे, मंडपातून घरी जायच्या वाटेवर. मंडप काढलात तर ते मला चार वर्षं ओळखतील, पण घरी जाऊन वैजूला काही सांगायचंय, हे त्यांच्यापाशी उरणार नाही."

"आणि तुमचं काय?"

"मी बसेन तिसऱ्या रांगेत. अन्विताला म्हणावं, माझी जागा कायमची कर."

डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं. मग फाइलवर काहीतरी लिहिलं आणि ती मिटली.

वर्ष गेलं. अन्विताची दुसऱ्या शहरात बदली झाली, तरी ती अधूनमधून मुलखांत नवी झाडं, नव्या पायवाटा घालत राही. रमाकांत त्या बघत नसत. वैजयंतीबाई बघत. समुद्र, बन, बेट, सगळं त्यांनी या वयात पाहिलं, आणि पाहिलेलं सांगावं असं कोणी त्यांना नव्हतं. रोज आरतीनंतर पेटीवाले त्यांना विचारीत, "कुठल्या तुम्ही?" आणि रोज त्या सांगत. मग हळूहळू चष्मा रमाकांतांना अर्धा तासच सोसायला लागला. निरूपणाच्या मध्येच ते थकून जात.

एका दुपारी ते अचानक खुर्चीतून उठले. दारापर्यंत गेले, परत आले. वैजयंतीबाई त्यांचा सदरा मांडीवर घेऊन तुटलेलं बटण शिवत होत्या. ते अदबीने, परक्या घरात बोलावं तसं म्हणाले,

"ताई, ह्या घरातल्या बाई कुठे गेल्या?"

वैजयंतीबाईंनी सुई सदऱ्यात टोचून ठेवली.

"कीर्तनाला गेल्यात."

"वैजू?" रमाकांतांचा चेहरा बघता बघता उजळला. "गिरणी बंद ठेवून?"

"हो. बंद ठेवून."

"पुढे बसली असेल ना? बायकांच्या बाजूला मागे ऐकू येत नाही नीट."

"पुढेच बसल्यात."

त्यांनी समाधानाने मान हलवली आणि पाठ टेकून खुर्चीत बसले. "मग थांबतो मी. आल्यावर सांगेल ती, काय आख्यान होतं ते."

वैजयंतीबाईंनी आपली खुर्ची ओढून त्यांच्या समोर घेतली.

"थांबा," त्या म्हणाल्या. "यायला वेळ लागेल तिला."